ब्रेक पॅड, व्हील बेअरिंग आणि बाकीचे पार्ट : घरी काम करताना माल कसा निवडायचा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ऑइल, फिल्टर वगैरे तुम्ही घरीच बदलता, आता पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत आणि पुढच्या एका चाकातून वेगाबरोबर वाढणारा घुंऽऽ असा आवाज येतोय म्हणजे व्हील बेअरिंगही गेल्यात जमा आहे, आणि पार्ट शोधायला बसलात तर एकाच गाडीसाठी ढीगभर नावं दिसतायत, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांच्यात कितीतरी पटींचा फरक. मग चांगला माल ओळखायचा कसा, आणि गाडीच्या कंपनीचाच घेतला पाहिजे का, हे तुम्हाला हवंय.

मी गाड्यांचंच काम करतो आणि लोक स्वतः आणलेले पार्टही बसवून देतो, त्यामुळे कुठला माल टिकतो आणि कुठला थोड्याच दिवसांत परत येतो हे सतत डोळ्यासमोर असतं. घोळ होतो तो सगळ्या पार्टना एकच नियम लावल्यामुळे. कोणी म्हणतो मी प्रत्येक गोष्ट कंपनीचीच घालणार, कोणी म्हणतो सगळं एकाच कारखान्यातून येतं फक्त खोका वेगळा. पहिल्यात पैसे जास्त जातात, दुसऱ्यात कधीकधी जिवावर बेततं. मी ब्रँड बघण्याआधी दोन गोष्टी बघतो. हा पार्ट चालत्या गाडीत अचानक गेला तर काय होईल? आणि हा परत बदलायचा झाला तर किती उघडावं लागेल?

एअर फिल्टर घ्या. खराब निघाला तर गाडी रस्त्यात बंद पडत नाही आणि चार क्लिपा काढल्या की हातात येतो. तिथे मधल्या दर्जाचा घेतला तरी मला काही वाटत नाही, फक्त कडेचा रबर सगळीकडे नीट बसतोय ना एवढं बघा कारण फटीतून आलेली धूळ सरळ इंजिनात जाते. आता क्लचचं रिलीज बेअरिंग घ्या, वस्तू मुठीत मावणारी, पण तिच्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, तिथे स्वस्त बेअरिंग घालणं म्हणजे तीच मेहनत पुन्हा करायची तयारी ठेवणं. म्हणून गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एका किटमधलं घालतो आणि क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेही तेव्हाच. टायमिंग बेल्टमध्ये तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतील अशी रचना असते, बेल्ट तुटला किंवा दात घसरले की व्हॉल्व वाकतात आणि हेड उघडावं लागतं. तिथे नुसता बेल्ट नाही, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारी आयडलर पुली ह्यांच्या सकट पूर्ण किट, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. बेल्ट उत्तम आणि टेन्शनरचं बेअरिंग हलकं, असं झालं तर बेल्ट चांगला घेऊन उपयोग काय?

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. गाडी अजून किती वर्षं ठेवायची आहे, घाटात किंवा भरलेल्या सामानानिशी चालते का, तुमच्याकडे टॉर्क रेंच आणि बेअरिंग प्रेस आहे का, एका दिवसात काम संपलंच पाहिजे का. वर्षभरात विकायची गाडी असेल तर शॉकअब्सॉर्बर सगळ्यात वरचेच घाला असं मी म्हणणार नाही. पण ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे सांधे यांच्या बाबतीत गाडी जुनी आहे हे कारण मला कधीच पटत नाही, कारण जुन्या गाडीलाही तेवढ्याच अंतरात थांबायचं असतं.

आता पार्ट येतात कुठून ते. गाडी बनवणारी कंपनी बहुतेक सुटे पार्ट स्वतः बनवत नाही. ब्रेक, बेअरिंग, क्लच, सेन्सर, स्पार्क प्लग, बेल्ट हे सगळं बॉश, डेन्सो, व्हॅलिओ, झेडएफ, शेफलर, एसकेएफ, एनटीएन, एनजीके, गेट्स अशा पुरवठादारांकडून येतं. डेन्सो तर मुळात टोयोटाचाच भाग होती, १९४९ मध्ये वेगळी झाली. सॅक्स, लेमफर्डर आणि टीआरडब्ल्यू ही नावं झेडएफच्या छताखाली आहेत, लूक, आयएनए आणि एफएजी ही शेफलरच्या. तर बाजारात एकाच जागी बसणाऱ्या पार्टचे चार प्रकार मिळतात. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला तो जेन्युइन. तोच पार्ट कारखान्याला देणाऱ्या पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातला तो ओईएम. तिसऱ्याच कोणी स्वतःच्या डिझाइनने बनवलेला तो आफ्टरमार्केट, आणि ह्यात अगदी उत्तम पासून अगदी टाकाऊ पर्यंत सगळं येतं. आणि चौथा दुसऱ्याचं नाव छापून विकलेला तो डुप्लिकेट. आफ्टरमार्केट आणि डुप्लिकेट ह्यांना लोक सर्रास एकच समजतात. आफ्टरमार्केट वाला स्वतःच्या नावाने माल विकतो आणि तक्रार आली तर त्याचं नाव जातं. डुप्लिकेटवाल्याला नाव जायची भीतीच नसते कारण नाव त्याचं नाहीच.

माझी पहिली पसंती बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे पुरवठादाराच्या खोक्याला. पण पुरवठादार कोण हे कसं कळणार? त्याचं उत्तर तुमच्या गाडीतच बसलेलं आहे. जुना पार्ट काढला की टाकून देऊ नका, डिझेल किंवा ब्रेक क्लीनरने धुवा, तारेचा ब्रश मारा आणि वाचा. लोअर आर्मवर ओतीव अक्षरं असतात, बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगच्या कडेवर नाव आणि नंबर कोरलेला असतो, पॅडच्या मागच्या पत्र्यावर छापलेलं असतं, सेन्सरच्या प्लगजवळ लेसरने उमटवलेलं असतं. गाडी पहिल्या मालकाची असेल आणि पार्ट कधी बदललेला नसेल तर जे नाव सापडेल तेच कारखान्याला माल देणारं. पुरवठादाराच्या खोक्यातल्या काही पार्टवर, विशेषतः अॅल्युमिनियमच्या आर्मवर, एक लहानशी जागा ग्राइंडरने घासून सपाट केलेली दिसते. गिऱ्हाईक ते बघून माल खराब आहे म्हणून परत करायला निघतं, पण बऱ्याचदा तिथे गाडीच्या कंपनीचं चिन्ह होतं आणि पुरवठादाराने स्वतःच्या नावाने विकताना ते घासून टाकलेलं असतं.

इथे एक सावधगिरी. मोठं नाव म्हणजे त्या खोक्यातली प्रत्येक वस्तू त्यांनीच बनवली असं नसतं. बेअरिंगमध्ये ज्यांचं नाव आहे ते उद्या वायपर विकायला लागले तर ते वायपर बहुतेक बाहेरून घेतलेले असतात. काही जण एकाच नावाखाली दोन दर्जाच्या रेंज ठेवतात, एक कारखान्याच्या बरोबरीची आणि एक जुन्या गाड्यांसाठी हलकी. म्हणून मी नाव बघताना ते नाव कशासाठी ओळखलं जातं ते बघतो. क्लचला लूक, सॅक्स, व्हॅलिओ, एक्सेडी, आयसिन. बेल्टला गेट्स, कॉन्टिटेक, डेको. बेअरिंगला एसकेएफ, एफएजी, एनटीएन, एनएसके, कोयो. प्लगला एनजीके, डेन्सो, बॉश. फिल्टरला मान, माहले. यादी एवढीच नाही, पण पद्धत अशी.

ब्रँडच्याही आधी नंबर जुळला पाहिजे. घरी काम करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ चुकीच्या पार्टमुळे जातो, खराब पार्टमुळे त्याच्या निम्माही जात नाही. मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर ऑर्डर देऊ नका. गाडीचा चॅसी नंबर म्हणजे व्हीआयएन सतरा अक्षरांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत म्हणजे एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये, तेव्हा नंबर उतरवताना ओ दिसला तर ते शून्यच. त्या नंबरावरून कंपनीच्या कॅटलॉगमध्ये मूळ पार्ट नंबर काढा आणि मग त्या नंबराला कुठल्या पुरवठादाराचा कुठला नंबर जुळतो ते बघा. कधी मूळ नंबर बदललेला असतो, जुना बंद होऊन त्याच्या जागी नवा आलेला असतो, तो नवाच घ्यायचा कारण बऱ्याचदा त्यात दुरुस्ती केलेली असते. ब्रेकमध्ये तर एकाच मॉडेलला एकाच वर्षात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे भाग, बसलेले सापडतात आणि दोघांचे पॅड एकमेकांत बसत नाहीत. चाक काढून कॅलिपरवर नाव वाचा, डिस्कचा व्यास मोजा, मग ऑर्डर.

आता तुमचे पॅड. खोका हातात आला की आधी मागचा पत्रा बघा. गोलात ई हे अक्षर आणि त्याच्या पुढे एक आकडा, आणि जवळच ९०आर असं सुरू होणारा नंबर दिसला तर तो माल आर९० ह्या बदली ब्रेक पॅडसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाखाली तपासलेला आहे. ई च्या पुढचा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा, १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, अशी ती पद्धत आहे. ह्या नियमात बदली पॅडची ब्रेक लावण्याची ताकद मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे होऊन चालत नाही, कमीही नाही आणि जास्तही नाही. जास्त का नाही असं लोक विचारतात. पुढचे पॅड गरजेपेक्षा जास्त पकडायला लागले तर पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधला जमवलेला तोल बिघडतो, म्हणून. खूण नाही म्हणजे माल वाईटच असं नाही, सगळीकडे ती बंधनकारक नसते, आणि डुप्लिकेटवाला खूणही छापू शकतो. पण दोन अनोळखी नावांमधून एक निवडायचं असेल तर मी खूण असलेलं घेतो.

पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं दिसतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचं आणि दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. हे दर्जाचे मार्क नाहीत, जीजी म्हणजे एफएफपेक्षा भारी असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. माझ्या दृष्टीने त्यातली कामाची गोष्ट एवढीच की दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, समजा एफई, तर तो पॅड गरम झाल्यावर पकड सोडतो. लांब उतारावर नेमकं तेच नको असतं. तुमच्या जुन्या पॅडवर जी अक्षरं आहेत तीच नव्यावर असतील तर पेडलचा अंदाज बदलत नाही.

पॅडच्या मटेरियलबद्दल लोक फार बोलतात. सिरॅमिकमध्ये काळी धूळ आणि आवाज कमी, सेमी मेटॅलिक उष्णता चांगली झेलतो पण आवाज आणि डिस्कची झीज थोडी जास्त. गाडीला कारखान्यातून जे होतं तेच घाला, काही त्रास होता तरच बदला.

त्यापेक्षा पॅड हातात घेऊन बघण्यात जास्त फायदा आहे, आणि हे दोन मिनिटांत होतं. घर्षणाचा थर आणि लोखंडी पत्रा जिथे जुळतात त्या रेषेवरून नख फिरवा, कुठेही नख आत जाता कामा नये, फट असली की तिथे पाणी जाऊन गंज धरतो आणि थर सुटायला लागतो. कडा बोटाने घासून बघा, भुसा गळत असेल तर परत करा. पत्र्याची जाडी व्हर्नियरने जुन्या पॅडशी ताडून बघा, हलक्या मालात पत्रा पातळ असतो आणि दाबाखाली तो वाकतो. मागची शिम, म्हणजे आवाज दाबणारी पातळ पत्री, रिव्हेट केलेली किंवा घट्ट चिकटवलेली हवी, नखाने उचकटत असेल तर नको. पॅडचे दोन्ही कान कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये बोटाच्या जोराने सरकले पाहिजेत, रंगाचा थर जाड असला तर अडकतात, आणि अडकलेला पॅड डिस्कपासून सुटत नाही, चाक गरम होतं आणि महिन्याभरात एक पॅड संपलेला दुसरा नवाकोरा असं दिसतं. चारही पॅडवरचा बॅच नंबर एकच असावा. एका खोक्यात दोन बॅच निघाले तर मी तो खोका परत पाठवतो.

डिस्कही मोजा. तिच्या कडेवर किंवा मधल्या भागात किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर सरळ लावला तर तो बाहेरच्या न घासलेल्या कडेवर टेकतो आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणून दोन्ही बाजूंना घासलेल्या भागावर एकसारखी दोन नाणी धरून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. किमानच्या जवळ आली असेल तर पॅडबरोबर डिस्कची जोडी बदला, एकाच बाजूची कधीच नाही. नवीन डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढायचा, नाहीतर ते तेल नव्या पॅडमध्ये मुरतं. आणि हबचा चेहरा, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर डिस्क टेकते ती जागा, तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाचा एक खडा जरी राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते, मग थोड्या दिवसांनी ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि सगळे म्हणतात डिस्क खराब निघाली. चांगल्या मालाला असा फुकटचा दोष लागताना मी खूप वेळा बघितलंय.

ब्रेक ऑइल वेगळं सांगतो. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच कुळातले, ग्लायकॉलचे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, नाव शेजारचं असलं तरी ते ह्यात मिसळायचं नाही. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तोच किमान १५५ धरतात, आणि हे ऑइल हवेतलं पाणी ओढतंच. म्हणून लहान सीलबंद बाटली घ्या, कपाटात गेल्या वर्षीची अर्धी उघडलेली असेल ती विसरा. कॅलिपरच्या पिनांना आणि रबरांना साधं ग्रीस लावू नका, पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं आणि पिना जाम होतात, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं.

बेअरिंगकडे वळतो, आणि इथे मी सगळ्यात कडक आहे. बेअरिंग ही सगळ्यात जास्त नक्कल होणाऱ्या मालापैकी एक आहे, कारण बाहेरून सगळी सारखीच दिसतात, चकचकीत रिंग आणि नाव कोरलेलं, बनावट कळते ती आवाज सुरू झाल्यावरच. एसकेएफने संशय आलेल्या मालाचे फोटो पाठवून तपासून घेण्यासाठी अॅप काढलंय, शेफलरच्या अॅपमध्ये खोक्यावरचा कोड स्कॅन होतो. हे दोन्ही वापरा, फुकट आहेत. त्याशिवाय रिंगवरची अक्षरं बघा, अस्सल मालात कोरीव काम बारीक आणि एकसारखं असतं, आणि खोक्यावरचा नंबर आणि रिंगवरचा नंबर अक्षर न अक्षर जुळतो. जुन्या बेअरिंगशेजारी ठेवून आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजा.

तुमच्या गाडीला एबीएस आहे तर हे नक्की वाचा. बऱ्याच गाड्यांत चाकाचा वेग मोजणारी चुंबकीय पट्टी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच असते, बाहेरून ती साध्या काळ्या किंवा तपकिरी रबरासारखी दिसते. ती बाजू सेन्सरकडे, बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला यावी लागते. कुठली बाजू कुठली हे डोळ्याने कळत नसेल तर कागदाची बारीक तारेची क्लिप दोऱ्याला बांधून दोन्ही सीलजवळ न्या, एका बाजूला ती हलकेच ओढली जाईल, तीच पट्टीची बाजू. त्या बाजूला मार्करने खूण करून मगच प्रेसवर ठेवा. घरी बेअरिंग बदलून एबीएसचा दिवा लागला म्हणून माझ्याकडे गाड्या येतात, मालक पार्टवाल्याशी भांडून आलेला असतो, आणि उघडून बघावं तर बेअरिंग उत्तम आहे फक्त उलटं बसलंय. त्यात वाईट असं की एकदा दाबून बसवलेलं बेअरिंग बाहेर काढताना मरतं, म्हणजे परत नवीनच. आणि वर्कबेंचवर चुंबकवाला ट्रे असतो ना नटबोल्ट ठेवायचा, त्यात बेअरिंग चुकूनही ठेवू नका.

बसवण्याची पद्धतही मालाइतकीच महत्त्वाची. नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या ज्या ओतीव भागात बेअरिंग बसतं त्यात, दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर, हब आत घालताना आतल्या रिंगला खालून आधार. उलट केलंत तर तो जोर गोळ्यांमधून जातो आणि रिंगवर बारीक खळगे पडतात, मग जगातलं सगळ्यात भारी बेअरिंगही पहिल्या दिवसापासून आवाज करणार. हातोडा तर नाहीच. अॅक्सलचा नट नवीन घ्या आणि पुस्तकात दिलेल्या टॉर्कला घट्ट होईपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टाकू नका. प्रेस नसेल तर नकल काढून फक्त दाबण्याचं काम वर्कशॉपमधून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या गाडीत हबसकट बोल्टने बसणारं युनिट असेल तर तुमचं नशीब चांगलं, प्रेसचा प्रश्नच येत नाही, मात्र अशा युनिटची स्वस्त नक्कलही भरपूर आहे.

बाकीच्या पार्टबद्दल पटापट सांगतो. ऑइल फिल्टर स्वस्त वस्तू आहे पण आत दोन झडपा असतात, एक इंजिन बंद झाल्यावर ऑइल खाली उतरू न देणारी आणि एक फिल्टर तुंबला तर बायपास देणारी, हलक्या फिल्टरमध्ये पहिली झडप लवकर कडक होते आणि सकाळी स्टार्ट केल्यावर क्षणभर खडखड ऐकू येते. आट्यांचंही बघा, २० मिलिमीटर दीड पिचचे आटे आणि पाऊण इंच सोळाचे आटे इतके जवळचे आहेत की चुकीचा फिल्टरही फिरून बसल्यासारखा वाटतो. स्पार्क प्लगमध्ये हीट रेंजचे, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचे, आकडे कंपन्यांमध्ये उलटे चालतात, एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम, म्हणून कंपनी बदलताना आकडा बघून अंदाज लावू नका, कॅटलॉगच बघा. लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आणि एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) हे मी फक्त मूळ पुरवठादाराचेच घेतो, स्वस्त सेन्सर बंद पडत नाही, तो चुकीचं सांगतो, आणि ते जास्त वाईट कारण मग माणूस इंजेक्टरपासून टाकीतल्या फ्युएल पंपापर्यंत सगळं बदलत बसतो. इंजिन माउंटिंग हलकं घातलं की रबर कडक असल्यामुळे आयडलिंगला सगळी केबिन थरथरते. रबराच्या कुठल्याही वस्तूवर उत्पादनाची तारीख बघा, बेल्ट असो की होज पाइप, गोदामात वर्षानुवर्षं पडलेलं रबर नवीन नसतं.

जुन्या बाजारातून काय चालतं? दरवाजा, आरसा, काच, पॉवर विंडोचं बटण, सीट, अगदी बिनधास्त. अल्टरनेटर आणि स्टार्टर चांगल्या ठिकाणी रिकंडिशन केलेले असतील तर तेही. ब्रेकचं काहीही, सीट बेल्ट आणि एअरबॅग कधीच नाही. एअरबॅगचे बनावट इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे अंगात घुसल्यामुळे माणसं मेल्याचं अमेरिकेच्या एनएचटीएसए ह्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये जाहीर करून सावध केलंय, त्यामुळे तिथे स्वस्त हा शब्दच नको.

डुप्लिकेट टाळायचा तर विक्रेता महत्त्वाचा. पुरवठादार कंपनीच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते तिथून सुरुवात करा. सगळीकडे ज्या भावाला मिळतंय त्याच्या निम्म्याला एकाच ठिकाणी मिळत असेल तर त्याला काहीतरी कारण असतंच. पक्कं बिल घ्या, आणि परत घेण्याची अट आधी वाचा, कारण ग्रीस लागलेला पार्ट कोणी परत घेत नाही. म्हणून नवीन पार्ट जुन्याशेजारी ठेवून ताडून झाल्याशिवाय त्याला हात लावताना स्वच्छ हातमोजे घाला आणि खोका फाडू नका.

तर तुमच्या कामाचा क्रम मी असा धरीन. ह्या आठवड्यात फक्त चाक काढा, कॅलिपरवरचं नाव, पॅडच्या पत्र्यावरची अक्षरं, डिस्कची जाडी आणि व्यास हे सगळं लिहून फोटो काढून ठेवा आणि चाक परत लावून टाका. आवाज नक्की त्याच बाजूचा आहे ना हेही तेव्हाच बघा, चाक उचललेलं असताना स्प्रिंगवर हात ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा, बेअरिंग गेलं असेल तर खरखर स्प्रिंगमधून हाताला जाणवते. टायरवर हात फिरवून खाचाखळगे लागतायत का बघा, कारण वेडावाकडा घासलेला टायरही हुबेहूब असाच घुमतो आणि मग बेअरिंग बदलून काहीच होत नाही. व्हीआयएनवरून नंबर काढून पॅड पुरवठादाराच्या खोक्यातले किंवा खूण असलेले चांगले आफ्टरमार्केट, बेअरिंग मात्र फक्त पहिल्या दर्जाचं आणि तपासून घेतलेलं. त्याच ऑर्डरमध्ये अॅक्सल नट, पॅडच्या क्लिपा, सिलिकॉन ग्रीस आणि ब्रेक क्लीनर मागवा, कॅलिपरचे बोल्ट एकदाच वापरायचे आहेत असं मॅन्युअलमध्ये असेल तर तेही. सगळं घरात येऊन ताडून झाल्यावर मगच गाडी उघडा. पॅड घातल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, आणि मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हळू वेगापर्यंत आठदहा वेळा मवाळ ब्रेक लावा, मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्या, पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. जुन्या पॅडवरची अक्षरं वाचता आली नाहीत तर कॅलिपरवरचं नाव आणि डिस्कचा व्यास इथे टाका, कुठला नंबर बसेल ते मी बघून सांगतो.